छोट्या ऑफिसचा क्लाउड सर्व्हर सांभाळताना : इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सियागंजातली पेढी, भंवरकुव्याचा कोचिंग क्लास, रामबागेतलं वाचनालय, एखादी पतसंस्था. अशा ठिकाणी 'कॉम्प्युटरचं तूच बघ' म्हणत ज्याच्या गळ्यात सर्व्हर बांधला जातो, त्याच्यासाठी हे पान आहे. सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कंपन्यांत या कामाला वेगवेगळ्या टीम असतात. इथं एकच माणूस, तोही बहुधा दुसरी कामं सांभाळून. स्क्रिप्ट म्हणजे आपोआप चालवायच्या कमांडची फाइल. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची.

सुरुवात कुठल्या स्क्रिप्टनं करू?

बहुतेक जण बॅकअपनं करतात. पण माझ्या मते त्याच्याही आधी एक सोय हवी: काम झालं नाही तर ते कळवणारी. अडखळून आरडाओरडा करणारी स्क्रिप्ट परवडते. चार महिने चाललीच नाही आणि चकार शब्द काढला नाही, अशी स्क्रिप्ट घात करते.

यासाठी हेल्थचेक्स नावाचं मुक्त स्रोत साधन आहे. आपल्या स्क्रिप्टनं काम नीट संपलं की शेवटच्या ओळीत कर्ल (वेबपत्ता उघडणारी कमांड) वापरून एका ठरलेल्या पत्त्यावर टकटक करायची. ठरलेल्या वेळात टकटक आली नाही, की ते साधन तुम्हाला मेल किंवा टेलिग्रामवर निरोप धाडतं. म्हणजे 'चुकलं' असं सांगायची जबाबदारी चुकणाऱ्यावर राहत नाही. एकच पथ्य: हे साधन त्याच सर्व्हरवर बसवू नका. सर्व्हरच झोपला तर निरोप कोण देणार?

हे झालं की बॅकअप, मग डिस्क किती भरली ते पाहणारी, मग वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटचे किती दिवस उरले ते पाहणारी. एवढ्यावर छोट्या ऑफिसचं निभतं.

बॅश की पायथन?

चार कमांड एकामागून एक चालवायच्या असतील तर बॅश, म्हणजे टर्मिनलची स्वतःची भाषा. तारखांची वजाबाकी, जेसन (डेटा लिहिण्याची एक पद्धत) वाचणं, याद्यांची जुळवाजुळव सुरू झाली की पायथन. बॅशची स्क्रिप्ट शंभर ओळींच्या पुढं गेली की मी ती पायथनमध्ये नव्यानं लिहायला घेतो. हा नियम नाही, आवड आहे.

बॅशमध्ये लिहिताना पहिल्या ओळीखाली सेट -ई -यू -ओ पाइपफेल हे हवंच. 'ई'मुळं कमांड फसली की स्क्रिप्ट थांबते, 'यू'मुळं न ठरवलेला व्हेरिएबल वापरला तर थांबते, आणि 'पाइपफेल'मुळं पाइपच्या (एकीचं उत्तर पुढचीला देणाऱ्या कमांडच्या साखळीच्या) मधल्या कमांडचं अपयश झाकलं जात नाही. 'ई' मात्र सर्वज्ञ नाही. इफच्या अटीत फसलेली कमांड ते सोडून देतं. लिहून झालं की शेलचेक या चुका दाखवणाऱ्या साधनातून एकदा काढा. व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं विसरलात तर तो लगेच बोट दाखवतो.

हा चिकित्सकपणा वाटत असेल तर जानेवारी २०१५ मधला प्रकार पाहा. लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये न विचारता सगळं पुसणाऱ्या आरएम -आरएफच्या पुढं एक व्हेरिएबल, मग तिरपी रेघ आणि तारा होता. काही परिस्थितीत तो व्हेरिएबल रिकामा राहिला, आणि स्क्रिप्ट मुळापासून सगळं पुसायला निघाली. यात 'यू'चाही उपयोग नाही, कारण रिकामा व्हेरिएबल हा न ठरवलेला व्हेरिएबल नव्हे. अशा ठिकाणी महिरपी कंसात नावापुढं विसर्गासारखी दिसणारी कोलनची खूण आणि मग प्रश्नचिन्ह द्यायचं. मूल्य रिकामं असेल तर बॅश तिथंच थांबतो.

दादा, स्क्रिप्ट हातानं चालवली तर चालते, क्रॉनमधून नाही. असं का?

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारी सेवा. दहातल्या नऊ वेळा कारण पाथ, म्हणजे कमांड कुठं शोधायची त्या फोल्डरांची यादी, असतं. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमच्या प्रोफाइलमधून बरंच काही सेट होतं. क्रॉनला त्यातलं काहीच मिळत नाही. त्याचा पाथ अगदी तोकडा असतो. कमांडचा पूर्ण पत्ता द्या किंवा क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीच्या) वर पाथ लिहा.

दहावं कारण मजेदार आहे. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी तुम्ही डेट कमांडमध्ये टक्का वापरता आणि क्रॉन तिथंच ओळ तोडतो. टक्क्याआधी उलटी तिरपी रेघ द्या, किंवा सरळ तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत हलवा.

आधीची फेरी संपली नसताना पुढची सुरू होऊ नये म्हणून एफलॉक -एन लावा. आणि दुकानातला सर्व्हर रात्री बंद होत असेल, किंवा वीज जात असेल, तर क्रॉनऐवजी सिस्टिमडी या लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचा टायमर घ्या. त्यात पर्सिस्टंट चालू ठेवलं की हुकलेली वेळ मशीन सुरू झाल्यावर भरून काढली जाते. रंगपंचमीला अख्खं शहर गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, असतं तेव्हा कुणी तरी विजेचं बटण दाबून गेलेलं असतंच.

बॅकअप रात्री दोनला लावला होता, तो सकाळी साडेसातला का चालतो?

कारण क्लाउडवरचा नवा सर्व्हर सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढं आहोत. इंदुरात लोक पोहे-जलेबीच्या गाडीवर असतात तेव्हा तुमचा डेटाबेस घाम गाळत असतो, आणि नेमकी तीच कोचिंगच्या पहिल्या बॅचच्या ऑनलाइन टेस्टची वेळ.

यातली चोरटी भानगड तारखेची आहे. आपल्याकडे एक तारखेच्या रात्री साडेबाराला तयार झालेल्या फाइलवर यूटीसीचा सर्व्हर आदल्या महिन्याची शेवटची तारीख टाकतो, कारण त्याच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात. महिनाअखेरीचे हिशेब मग जुळत नाहीत.

सगळे ग्राहक भारतातलेच असतील तर टाइमडेटसीटीएल कमांडनं एशिया/कोलकाता लावून मोकळे व्हा. आपल्याकडे घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात मागंपुढं होत नाहीत, म्हणून त्यात धोका नाही. नंतर क्रॉन रीस्टार्ट करायला विसरू नका. तो जुन्याच वेळेवर चालत राहतो.

बॅकअप कशानं घेऊ? आरसिंक पुरेल का?

आरसिंक १९९६ पासून आहे आणि फाइली इकडून तिकडं नेण्यात अजून त्याचा हात धरणारं फारसं कुणी नाही. पण आरसिंक आरसा दाखवतो. सकाळी कुणी वाचनालयाची यादी चुकून पुसली, रात्री डिलीटच्या पर्यायासह आरसिंक चालला, की दोन्हीकडं यादी गायब. त्याला बॅकअप म्हणू नये. वापरताना ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) आधी करा, आणि स्रोताच्या शेवटी तिरपी रेघ आहे की नाही ते पाहा: रेघ असेल तर फोल्डरच्या आतलं जातं, नसेल तर फोल्डरसकट जातं.

बॅकअपला मी रेस्टिक सुचवतो. तो डेटा कूटबद्ध करून ठेवतो, तेच तुकडे दुसऱ्यांदा साठवत नाही, मागच्या कुठल्याही दिवसावर परत जाऊ देतो, आणि एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (क्लाउडवरच्या फाइलींच्या कोठारावर) थेट लिहितो. त्याच्या फरगेट आणि प्रून या कमांड वापरून रोजचे सात, आठवड्याचे चार, महिन्याचे बारा एवढे ठेवायचे. पासवर्ड हरवला तर मात्र डेटा गेलाच. तिथं कुणाची वशिलेबाजी चालत नाही.

चालू डेटाबेसचं फोल्डर जसंच्या तसं उचलू नका. पोस्टग्रेसला पीजी-डंप, मायएसक्यूएलला मायएसक्यूएलडंप आणि त्यासोबत सिंगल-ट्रान्झॅक्शन. आधी डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत), मग तो डंप रेस्टिककडं.

आता मुख्य गोष्ट. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर तिथं काहीच नव्हतं. डंप घेणारं साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं होतं आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून डंप रोज फसत होता. फसल्याचे मेलही निघत होते, पण डीमार्क या मेलचा खरेपणा तपासणाऱ्या पद्धतीच्या नियमात न बसल्यामुळं ते नाकारले जात होते. शेवटी साधारण सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरनं दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) कामाला आला. त्या सहा तासांतला डेटाबेसचा मजकूर परत मिळाला नाही. कंपनीनं हे सगळं स्वतःच जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

बॅकअप घेतला याचा पुरावा एकच: तो परत आणून पाहिला. महिन्यातून एकदा एक लहान सर्व्हर तासाभरासाठी सुरू करा, कालचा बॅकअप त्यावर उतरवा, शेवटच्या पावतीचा नंबर दुकानातल्या वहीशी ताडून पाहा, आणि सर्व्हर पुसून टाका. खर्च चहाच्या आसपास येतो.

फाइलींची नावं मराठीत आहेत. स्क्रिप्टला काही अडचण?

आहे, आणि ती फारशी कुठं लिहिलेली सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

लिनक्सच्या ईएक्सटी-फोर फाइलसिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ २५५ अक्षरं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते, आणि काना, वेलांटी, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा. 'महाराष्ट्र' दिसायला चार अक्षरं, पण आत दहा खुणा, म्हणजे ३० बाइट. एकूण ८५ खुणांत नाव बसवायचं. विंडोजच्या एनटीएफएसवर मोजणी वेगळी असल्यामुळं तिथं २५५ खुणांचं नाव चालतं. वाचनालयात कुणी स्कॅन केलेल्या पुस्तकाला लेखक, पूर्ण नाव, आवृत्ती, प्रकाशक असं ऐसपैस नाव दिलेलं असतं. विंडोजवर ते गुण्यागोविंदानं नांदतं आणि लिनक्सवर कॉपी करताना 'नाव फार लांब' म्हणून अडतं. कॉपी करणारी स्क्रिप्ट गप्प असेल तर नेमकी तीच पुस्तकं मागं राहतात.

दुसरं, आपला 'ऱ'. 'दुसऱ्या आवृत्ती'तला हा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक सलग खूण, किंवा र आणि खाली नुक्ता. जुन्या मॅकची एचएफएस-प्लस फाइलसिस्टिम नावं तोडून, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेनं ठेवायची. डोळ्यांना दोन्ही नावं एकच, मशीनला दोन. मॅकवरून आलेल्या फाइली आरसिंक पुन्हा पुन्हा नव्या समजत असेल तर इथं पाहा. पायथनच्या युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइझ सगळी नावं एका तऱ्हेची करून देतं.

तिसरं, आकडे. '२०२४-अहवाल' या नावात देवनागरी आकडे असतील तर क्रॉनच्या साध्या सी लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) ग्रेप या शोधणाऱ्या कमांडचा शून्य-ते-नऊ शोध त्यांच्याकडं पाहतही नाही. पायथन इथं समजूतदार आहे: त्याला देवनागरी २०२४ दिलं तरी तो ते संख्या म्हणून वाचतो. वर्णक्रमही बघून घ्या. साध्या सॉर्टमध्ये ळ हा लच्या मागोमाग येतो, आपल्यासारखा हच्या नंतर नाही.

आणि नावांत मोकळ्या जागा असणारच. फाइली शोधणाऱ्या फाइंडला प्रिंट-शून्य आणि त्या पुढच्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्जला शून्याचा पर्याय दिल्याशिवाय फाइलींची रांग पुढं ढकलू नका.

नव्यानं सुरुवात करत असाल तर फाइलला दाखलक्रमांकाचं साधं नाव द्या आणि मराठी नाव सूचीच्या डेटाबेसमध्ये ठेवा.

डिस्क भरली म्हणतो, पण मोठी फाइल सापडत नाही.

डीएफ (डिस्कचा एकूण हिशेब) भरलेली दाखवतो आणि डीयू (फाइलींच्या आकारांची बेरीज) दाखवत नाही, म्हणजे कुणी तरी लॉगची (नोंदींची) फाइल पुसली, पण ती अजून एखाद्या प्रोसेसनं उघडी धरून ठेवली आहे. एलएसओएफला अधिक-एल-एक देऊन ती प्रोसेस शोधा आणि सेवा रीस्टार्ट करा. दुसरी शक्यता आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपल्याची. डीएफ -आय पाहा. लाखो बारीक सेशन फाइलींनी हे होतं. डॉकर (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) असेल तर कंटेनरचे लॉग पहिला संशयित, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यांना आकाराची मर्यादाच नसते. मॅक्स-साइझ लावा.

सर्व्हर मुंबईत घ्यायचा की आणखी कुठं?

मुंबईत. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं मुख्य केंद्र पुण्यात आहे. एडब्ल्यूएसचं हैदराबाद केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं, तिथं बॅकअपची दुसरी प्रत ठेवायला हरकत नाही. अमेरिकेतला सर्व्हर दोन पैसे स्वस्त दिसतो, पण बिलिंगच्या काउंटरवर प्रत्येक क्लिकला लागणारा उशीर गिऱ्हाइकाला दिसतो.

एसएसएच कसं बंदोबस्तात ठेवू?

एसएसएच म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय. ईडी-२५५१९ प्रकारची की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) बनवा, पासवर्डनं लॉगिन बंद करा, रूटचं (सर्वाधिकारी खात्याचं) थेट लॉगिन बंद करा. बदल करताना एक जुनी खिडकी उघडी ठेवा, एसएसएचडी -टी चालवून फाइल तपासा, मगच रीस्टार्ट, आणि नव्या खिडकीतून आत जाता येतंय हे पाहिल्यावरच जुनी बंद. फक्त ऑफिसच्या आयपीला परवानगी द्यायची कल्पना छान वाटते, पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो आणि एके दिवशी तुम्हीच बाहेर. वायरगार्ड हे व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतची खासगी वाट) बसवा आणि एसएसएचचा २२ नंबरचा दरवाजा जगासाठी बंद करा.

सर्टिफिकेट आपोआप नवं होतं ना?

होतं, असं समजून लोक झोपतात. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं आणि सर्टबॉट हा प्रोग्राम शेवटच्या महिन्यात ते नवं करतो. अडतं दोन ठिकाणी. सुरक्षेच्या उत्साहात कुणी ८० नंबरचा पोर्ट बंद केलेला असतो, किंवा सर्टिफिकेट नवं झालं पण एनजिनएक्स या वेब सर्व्हरनं ते पुन्हा वाचलेलंच नसतं. दुसऱ्यासाठी सर्टबॉटच्या डिप्लॉय-हुकमध्ये (सर्टिफिकेट नवं झाल्यावर चालणाऱ्या कमांडमध्ये) रीलोड लिहा. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून बंद केले आहेत, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. ओपनएसएसएल एस-क्लायंटनं बाहेरून तारीख वाचणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा. डिस्कवरची फाइल नव्हे, गिऱ्हाइकाला दिसणारं सर्टिफिकेट तपासा. सगळ्याच सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत मार्च २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर येणार आहे, म्हणजे हातानं बदलण्याचे दिवस संपलेच.

अँसिबल, टेराफॉर्म शिकायलाच हवं का?

अँसिबल (सर्व्हरची मांडणी फाइलीत लिहून ती लागू करणारं साधन) हो. सर्व्हर एकच असला तरी. त्यावर काय काय बसवलं आहे, याचा तो चालता कागद होतो. सर्व्हर गेला तर तोच प्लेबुक (मांडणीची फाइल) नव्यावर चालवायचा. समोरच्या मशीनवर पायथन आणि एसएसएच एवढंच लागतं. पुन्हा चालवला तरी झालेलं काम तो परत करत नाही, अर्थात तुम्ही सगळीकडे शेल मॉड्यूल ठोकून दिलं नसेल तर.

टेराफॉर्म (क्लाउडवरची सामग्री फाइलीत लिहून उभारणारं साधन) पाच-सहा सर्व्हर, नेटवर्क, डीएनएस असं गाठोडं झाल्यावर. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू ही मुक्त शाखा निघाली. नव्यानं शिकणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही. स्टेट फाइल (काय काय उभारलं याची त्याची नोंद) गिटमध्ये टाकू नका, तिच्यात पासवर्ड उघडे पडलेले असतात.

आणि कुबरनेटिस?

अनेक सर्व्हरांवर कंटेनर सांभाळणारी ती यंत्रणा छोट्या ऑफिसला म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

बिल दर महिन्याला वाढतंय. कुठं पाहू?

सर्व्हर पुसला तरी मागं राहिलेल्या डिस्क, जुने स्नॅपशॉट, आणि सार्वजनिक आयपी. एडब्ल्यूएसनं १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर आकारायला सुरुवात केली. वापरात असो वा नसो, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर जातात. एडब्ल्यूएसच्या कमांडलाइनवरून 'अव्हेलेबल' अवस्थेतल्या, म्हणजे कुणालाच न जोडलेल्या डिस्कांची यादी दर सोमवारी स्वतःला मेल करा. आपोआप पुसणारी स्क्रिप्ट लिहू नका. बजेटची सूचना मात्र पहिल्याच दिवशी लावा, आणि ती शेठजींच्या मेलवरही जाऊ द्या. बिल पाहून होणारी चर्चा निम्म्यावर येते.

लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेलं ठेवायचं. 'आम्ही छोटे' म्हणून सूट आहे असं धरून चालू नका. उबुंटूवर लॉगरोटेट (जुने लॉग पुसत जाणारं साधन) मुळात चार आठवडे ठेवतो, एनजिनएक्सचे तर चौदाच दिवस. दोन्ही आकडे वाढवा, किंवा रोजचे लॉग कॉम्प्रेस करून ऑब्जेक्ट स्टोरेजवर पाठवा.

चॅटबॉटनं लिहून दिलेली स्क्रिप्ट चालवू का भिया?

चालवा, पण आधी शेलचेक, मग रिकाम्या सर्व्हरवर, मग खऱ्यावर. त्यात आरएम, एमव्ही किंवा आरसिंकचा डिलीट दिसला तर ती ओळ आधी नुसती छापून पाहा. इंटरनेटवरचा पत्ता कर्लनं आणून थेट बॅशमध्ये ओतणाऱ्या एका ओळीलाही हेच लागू: आधी फाइलमध्ये उतरवा, वाचा. आणि आपली की किंवा पासवर्ड चॅटमध्ये चिकटवू नका.

दादा, मला पुण्यात नोकरी लागली. सर्व्हर सोपवून जायचं तर काय काय देऊ?

आधी अभिनंदन. मग हे पाहा: क्लाउडचं मुख्य खातं आणि डोमेन कुणाच्या मेलवर आहे? दहापैकी आठ ठिकाणी ते सोडून जाणाऱ्याच्या वैयक्तिक मेलवर असतं आणि ओटीपी त्याच्याच फोनवर. दोन्ही संस्थेच्या नावावर करा. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून संस्थेच्या तिजोरीत. क्रॉन आणि टायमरची यादी, प्रत्येकापुढं 'हे बंद पडलं तर काय अडेल' ही एक ओळ. हेल्थचेक्सच्या सूचना नव्या माणसाकडं वळवा, आणि एक स्क्रिप्ट मुद्दाम बंद ठेवून त्याच्या फोनवर निरोप येतोय का ते पाहा. मग त्याला तुमच्यासमोर कालच्या बॅकअपमधली एक फाइल परत आणायला सांगा, तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही. ती आली, की सर्व्हरवरची तुमची की त्याच्याच हातून काढून घ्या.